परसातल्या झाडांचे वर्ष: मृगाआधीची आणि चतुर्थीनंतरची कामे

गोव्यात झाडाला खत, पाणी किंवा कोयता लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पाऊस किती दूर आहे? वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत जमीन जवळजवळ कोरडीच असते. त्यातून बहुतेक परसांत माती जांभ्याची. ती पाणी धरत नाही, आम्ल असते, आणि नत्र (नायट्रोजन) व पालाश (पोटॅश) पावसाच्या पाण्याबरोबर तिच्यातून खाली निघून जातात. भर जुलैत आळ्यात टाकलेला युरिया झाडाला कमी आणि ओहोळाला जास्त मिळतो. म्हणून परसातली मोठी कामे पावसाच्या दोन काठांवर करायची: एक काठ मृगाआधीचा, दुसरा चतुर्थीनंतरचा. मधल्या काळात लक्ष ठेवायचे आणि पाण्याला वाट द्यायची.

माडाचे आळे

माडाचे आळे खोडापासून 1.8 मीटर त्रिज्येचे घ्यावे. अन्न शोषणारी बहुतेक मुळे एवढ्याच घेरात असतात. खोडाला लागून हातभर खोल खड्डा करून त्यात सगळे खत ओतणे ही नेहमीची चूक. तिथे जाड मुळे असतात, खाणारी नव्हेत, आणि पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी साचते.

एप्रिलच्या शेवटी आळे हलके उकरून प्रत्येक माडाला 1 किलो चुना किंवा डोलोमाइट पसरून मातीत मिसळावे. पाने पिवळी पडणाऱ्या माडाला डोलोमाइट बरे, कारण त्यात मॅग्नेशियमही असते. चुना आणि खत यांच्यात निदान पंधरवडा जाऊ द्यावा. दोन्ही एकत्र पडले तर युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो आणि सुपर फॉस्फेटमधले स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधले जाते. पैसे खर्च होतात, पण माडाला काहीच मिळत नाही.

फळत्या माडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1200 ग्रॅम पालाश लागते. पिशवीतल्या खताच्या भाषेत हे सुमारे 1.1 किलो युरिया, 2 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. त्यातला एक तृतीयांश भाग पहिल्या सरींनी माती भिजल्यावर द्यावा, म्हणजे अंदाजे 350 ग्रॅम युरिया, 650 ग्रॅम सुपर, 650 ग्रॅम पोटॅश. उरलेले 750, 1350 आणि 1350 ग्रॅम सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर पण ओल असताना. मोठा हप्ता चतुर्थीनंतर ठेवण्याचे कारण उघड आहे: तेव्हा तो वाहून जात नाही. त्याच वेळी 25 ते 50 किलो शेणखतही घालावे. लहान माडाला पहिल्या वर्षी या मात्रेचा दहावा भाग, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्यापासून पूर्ण.

माडाला मीठ घालण्याची रीत गोव्यात जुनी आहे आणि ती निरर्थक नाही. पालाशाचे काही काम सोडियम करतो, आणि क्लोरीन माडाला लागतेच. पण म्युरेट ऑफ पोटॅश नियमित देणाऱ्याला वेगळ्या मिठाची गरज नाही, कारण त्यात क्लोराइड आहेच. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) कडेच्या खाऱ्या भाटात (माडांच्या बागेत) तर मीठ घालूच नये. मिठाचा खरा उपयोग कडक जांभ्यात नवा माड लावताना होतो. तिथे 1.2 मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून लागवडीच्या सहा महिने आधी तळाला 2 किलो मीठ टाकतात. त्याने कातळ मऊ होतो. म्हणजे जूनमध्ये माड लावायचा तर खड्डा डिसेंबरात तयार हवा.

पाऊस थांबल्यावर आळ्यात सोडणे (नारळाच्या साली) पसरावीत, खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडून. एरवी कुंपणापलीकडे फेकली जाणारी चुडतेही (माडाच्या झावळ्या) तुकडे करून इथेच वापरावीत. उन्हाळ्यात आळ्याने पाणी देत असाल तर चार दिवसांनी 200 लिटर. रोज बादलीभर शिंपले की वरची दोन बोटे माती भिजते आणि मुळे तशीच तहानलेली राहतात.

माडाचे दोन भुंगे आणि शेंड्याची कूज

नवे चुडत उलगडल्यावर त्यावर कात्रीने पंखा कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर ते गेंड्या भुंग्याचे काम. पाडेली नारळ काढायला चढेल तेव्हाच त्याच्याकडून कोंब तपासून घ्यावा. भोक ताजे असेल तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढावा आणि वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरावी. वर्षातून तीनदा हे केले तर चांगला फरक पडतो. माड बुटका असेल तर 3-4 डांबर गोळ्या वाळूने झाकून ठेवणेही चालते, पण दीड महिन्याने त्या बदलाव्या लागतात. भुंग्याचे मूळ मात्र शेणाच्या खड्ड्यात आणि कुजणाऱ्या ओंडक्यात असते. खत उलथताना बोटाएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की वेचून कोंबड्यांना टाकाव्यात.

सोंड्या भुंगा अधिक घातक, कारण तो खोडाच्या आत राहतो आणि लक्षात येतो तेव्हा उशीर झालेला असतो. खोडावरच्या भोकातून तांबूस रस गळणे, चघळलेला चोथा बाहेर येणे, कान लावल्यावर आत करकर ऐकू येणे, या त्याच्या खुणा. जखमेच्या वासावर तो येतो. त्यामुळे माडाच्या खोडाला खिळे ठोकू नयेत, चढण्यासाठी खाचा पाडू नयेत, आणि हिरवे चुडत कापावेच लागले तर खोडापासून 1.2 मीटर देठ ठेवूनच कापावे. कापलेल्या टोकातून शिरलेल्या अळ्या मग खोडापर्यंत पोचत नाहीत. गेंड्याने पाडलेली भोकेही सोंड्याला दार ठरतात, म्हणून पहिल्याचा बंदोबस्त हाच दुसऱ्याचाही.

शेंड्याची कूज जुलै-ऑगस्टात येते, विशेषतः लहान माडांवर. मधला कोंब पिवळट तपकिरी होतो, ओढला की हातात येतो आणि घाण वास येतो. कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत धारदार सुरीने काढावा, तिथे बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, कृती पुढे आहे) लावावे आणि नवा कोंब येईपर्यंत पाणी आत जाणार नाही असे प्लास्टिकने झाकून ठेवावे. बाजूची हिरवी पाने बघून धीर धरायचा नाही: गाभा मेला तर ती काही महिने हिरवीच राहतात.

बोर्डो मिश्रण घरी करताना

पोफळीचा कोळेरोग, मिरीची मर, माडाची कूज या सगळ्यांवर पावसाआधीचा उपाय एकच आहे, हे मिश्रण, आणि ते बिघडते ते बहुधा चुन्यामुळे. 10 लिटर मिश्रणासाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. सगळी भांडी प्लास्टिकची, ढवळायला लाकडी काठी. लोखंड किंवा जस्ताची बादली नको.

1. मोरचूद फडक्यात बांधून 5 लिटर पाण्यात रात्रभर लोंबकळत ठेवा. तळाशी टाकले तर विरघळायला फार वेळ लागतो.
2. सकाळी चुनकळीवर थोडे थोडे पाणी शिंपडून ती फुलवा. तापते, म्हणून तोंड दूर ठेवा. निवल्यावर एकूण 5 लिटर करून कापडातून गाळा.
3. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि दुसऱ्या माणसाला ढवळायला सांगा. एकटे असाल तर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. उलटे करू नका.
4. घासून स्वच्छ केलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मिश्रणात मोकळे तांबे आहे आणि ते पाने भाजेल. पाते स्वच्छ निघेपर्यंत चुन्याचे पाणी घालत जा.

हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे, शिळे झाले की ते पानाला चिकटत नाही. दोन पावसाळे कोपऱ्यात पडलेली चुन्याची पिशवी वापरू नये. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिची पूड झालेली असते, ती तापत नाही आणि मोरचुदाचे आम्लही नीट मारत नाही. मलमासाठी तेच 100 ग्रॅम मोरचूद आणि तेवढाच चुना प्रत्येकी अर्ध्या लिटरमध्ये.

पोफळीच्या घडांवर पहिली फवारणी मेच्या शेवटच्या आठवड्यात कोरड्या दिवशी करावी आणि दुसरी 40 ते 45 दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की. फवारा घडावर पडला पाहिजे. पाने न्हाऊन निघाली आणि सुपारी कोरडी राहिली तर उपयोग शून्य. गळालेल्या कुजक्या सुपाऱ्या कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) वेचून बाहेर काढाव्यात, नाहीतर रोगाचे बी तिथेच राहते.

आंबा: आधी उपाशी ठेवा, मग पाजा

आंब्याचे खत वयाच्या हिशोबाने चालते. वयाच्या दर वर्षामागे सुमारे 325 ग्रॅम युरिया, 310 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 200 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. दहाव्या वर्षापर्यंत वाढवत जायचे आणि मग तेवढ्यावर थांबायचे. आंब्याला क्लोराइड फारसे मानवत नाही, म्हणून इथे माडाचे म्युरेट वापरू नये. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते त्या कडेवर वीतभर खोल चर काढून खत घालावे आणि मातीने बुजवावे. सुपर, शेणखत आणि निम्मे युरिया-पोटॅश जूनच्या सुरुवातीला. राहिलेले निम्मे श्रावणातल्या उघडिपीत. ऑगस्टनंतर नत्र नाही.

हा शेवटचा नियम परसात सर्वांत जास्त मोडला जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर आंब्याला कोरडे ठेवायचे असते. जमीन सुकली आणि रात्री थंड झाल्या की फांदीच्या टोकाला मोहोर धरतो. पण शेजारीच मिरच्या, भाजी किंवा हिरवळ असते, तिथला पाण्याचा पाईप आंब्याच्या मुळांवरही चालतो आणि डिसेंबरात मोहोराऐवजी तांबूस पालवी फुटते. मग मानकुराद (गोव्याचा आवडता आंबा) लागत नाही म्हणून कलम विकणाऱ्याला दोष दिला जातो. भाजीचा वाफा आंब्याच्या सावलीच्या कडेपासून दोन मीटर दूर ठेवावा, एवढाच उपाय.

फळ वाटाण्याएवढे झाले की मात्र पाणी सुरू करावे: दर पंधरा दिवसांनी 150 ते 200 लिटर, तीन-चार वेळा. फळे फार गळत असतील तर 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढ्या आकारावर फवारावे. मोहोरावर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारे गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम, सकाळी लवकर. उन्हात फवारले तर मोहोर करपतो. तुडतुडे दाट, काळोख्या झाडावर वाढतात. चाळीस फुटी जुन्या झाडावर घरचा पंप पोचत नाही, तिथे औषधावर खर्च करण्यापेक्षा आतल्या फांद्या विरळ करून ऊन आत येऊ देणे शहाणपणाचे.

छाटणी आंबे उतरल्यावर लगेच, पाऊस जोर धरण्याआधी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि मध्यातून सरळ वर गेलेल्या फांद्या काढाव्यात. एका वर्षात पसाऱ्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. प्रत्येक कापावर बोर्डो मलम लावावे. बांडगूळ दिसले तर नुसते ओरबाडू नये, ते पुन्हा फुटते. फांदी त्याच्या खाली फूटभर कापावी. बुंध्याजवळ लाकडाचा भुसा पडलेला असेल तर भिरूड आत आहे: भोकात तार घालून अळी मारावी आणि भोक चिखलाने लिंपावे. पूर्ण झाड तोडायचे असेल तर 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, ते आपल्या आवारात असले तरी.

फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा माणसाच्या उंचीवर सावलीत टांगावा, फळ पिकण्याच्या महिनाभर आधी. त्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे सापळा भरलेला पाहून निश्चिंत होऊ नये. खाली पडलेला आंबा रोज उचलून दोन फूट खोल पुरावा किंवा काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवावा. तसाच पडू दिला तर अळ्या मातीत जाऊन पुढची पिढी तयार होते.

फणस, भिरंड, काजू थोडक्यात

फणसाच्या लहान कुयऱ्या काळ्या पडून गळतात ते पाहून लोक औषध मागायला धावतात. त्यातल्या बहुतेक नर फुलोरे असतात. परागकण सांडले की त्यांचे काम संपते आणि त्या कुजतात. मादी फुलोरा जाड देठाचा असतो, तो टिकतो. एका देठावर दोन-तीन फणस चिकटून लागले तर एकच ठेवावा, कारण दोघांच्या मधल्या ओल्या फटीत अळी शिरते.

भिरंडीचे (कोकमाचे) बियांपासूनचे रोप नर निघेल की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षे जातात. म्हणून कलमच लावावे. कलमाची काडी मात्र सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड जन्मभर आडवेच पसरते.

काजूवर नोव्हेंबरच्या पालवीला ढेकण्या (रस शोषणारा किडा) येतो आणि शेंडे काळे पडतात. झाडावर हुमले (तांबड्या मुंग्या) असतील तर त्यांची घरटी जाळू नयेत. चावतात खरे, पण ढेकण्याला आवरणारे तेच.

परसातला प्रयोग कसा करावा

यंदा फळ जास्त आले ते नव्या खताने की चांगल्या थंडीने, हे एका झाडावरून ठरवता येत नाही. म्हणून तुलना ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन सारख्या माडांपैकी एकाच्या आळ्यात सोडणे पसरा, दुसरे उघडे ठेवा, पाणी दोघांना सारखेच. मार्चमध्ये पाणी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे वीतभर खणून माती मुठीत दाबा. एकीकडे गोळा होतो आणि दुसरीकडे माती भुरभुरते, यावरून पाण्याच्या पाळ्या किती कमी करता येतील ते कळते.

आंब्यावर पिशव्यांचा प्रयोग सोपा. फळ अंड्याएवढे झाले की वर्तमानपत्राच्या 25 बाय 20 सेंटिमीटरच्या पिशव्या एका फांदीवरच्या सगळ्या फळांना घाला, देठाशी दोऱ्याने बांधा, आणि बाजूची तशीच फांदी रंगीत फीत बांधून उघडी ठेवा. उतरवताना डागी आणि किडकी फळे दोन्हीकडची मोजा. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरून फळ कुजते.

मासळीच्या टाकाऊ भागाचेही चांगले खत होते. बांगड्या-तारल्यांची डोकी आणि आतडी तेवढ्याच वजनाच्या गुळात कालवून प्लास्टिकच्या बरणीत, झाकण सैल ठेवून, तीन-चार आठवडे सावलीत ठेवावीत. गाळलेले पाणी लिटरला 5 मिलिलिटर या प्रमाणात कढीपत्ता आणि मिरचीवर फवारावे. झाकण घट्ट लावले तर बरणी फुटते, आणि मग घरात बागकामाचा विषय काही दिवस काढता येत नाही.

कोय कलम

शेजारचा एखादा मानकुराद विशेष गोड असेल तर त्याची कोय पेरून तोच आंबा मिळेल याचा भरवसा नाही. मानकुरादमध्ये झाडागणिक फरक असतो, म्हणून त्याच झाडाची काडी कोणत्याही रायवळ कोयीवर बांधावी.

कोयी जूनमध्ये, आंबा खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत पेराव्यात. वाळलेली कोय रुजत नाही. वाळू आणि शेणखताच्या वाफ्यात फुगीर कड वर करून ठेवाव्यात. रोप उगवून 10 ते 15 दिवसांचे, देठ तांबूस आणि कोवळे असतानाच कलम बांधायचे. काडी तीन-चार महिने वयाच्या शेंड्याची, 10 ते 15 सेंटिमीटर लांब, टोकाचा डोळा फुगलेला आणि जाडी रोपाएवढी. कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळा भरतो.

रोप कोयीसह अलगद उचलून धुवावे. देठ कोयीपासून 6 ते 8 सेंटिमीटरवर आडवा कापून मधोमध 4 सेंटिमीटर उभा छेद द्यावा. काडीला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा पाचरीसारखा काप घेऊन ती छेदात बसवावी. निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. दीड-दोन सेंटिमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधून कोय मातीच्या पिशवीत लावावी, वरून लांब पातळ पिशवीची टोपी घालावी आणि आडोशाला ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढावी.

काडी काळी पडली तर बहुधा पाते बोथट होते किंवा कापात माती-पाणी गेले. टोपीला थेट ऊन लागले तरी काडी आत उकडते. काडी हिरवी राहूनही फुटत नसेल तर डोळा कच्चा होता. सांध्याखाली फुटणारे कोंब सतत खुडावेत, नाहीतर रायवळ वर चढतो आणि मानकुराद मरतो. कलम पुढच्या जूनमध्ये 1 मीटरच्या खड्ड्यात लावावे, सांधा मातीच्या वर राहील असे, काठीचा आधार देऊन. सांध्यावरची पट्टी तेव्हा कापून टाकावी. राहिली तर दोन वर्षांनी ती खोडात रुतते आणि झाड वाऱ्यात तिथेच मोडते. पहिली तीन वर्षे येणारा मोहोर खुडावा.